हस्तलिखिते मोजायची की तोलायची? बायबलच्या जुन्या प्रतींविषयी वाचकांचे प्रश्न

बायबलची प्राचीन हस्तलिखिते आणि त्यांची जुनी भाषांतरे यांविषयी आलेल्या पत्रांतून सहा प्रश्न येथे घेतले आहेत. दुसऱ्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण या अभ्यासात हाताने करायचे काम नेमके कसले असते ते त्यात दिसते.

प्रश्न : नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते आहेत असे वाचले. मग जो पाठ (म्हणजे एखाद्या जागची शब्दरचना) जास्तीत जास्त प्रतींत सापडतो तोच मूळ, असा सरळ नियम का करत नाहीत?

उत्तर : कारण त्या प्रती म्हणजे पाच हजार स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एका प्रतीवरून नव्वद नकला उतरवल्या, तरी त्या नव्वदांची मिळून साक्ष एकच. उपलब्ध प्रतींपैकी बहुसंख्य नवव्या शतकानंतरच्या आहेत आणि बायझंटाईन साम्राज्यातल्या मठांत तयार झालेल्या आहेत. पश्चिमेकडे लॅटिन रुजली, इजिप्त-सीरियात पुढे अरबी आली, आणि ग्रीक प्रतींची खरी गरज एकाच प्रदेशात उरली. तिथे जो पाठ रूढ होता त्याच्या प्रती वाढत गेल्या. संख्येचे कारण एवढेच.

'पाच हजार' हा आकडाही नीट समजून घ्यावा. कुर्ट आलांट यांनी १९५९ साली जर्मनीतील म्युन्स्टर येथे स्थापन केलेल्या संशोधन संस्थेत या हस्तलिखितांची अधिकृत यादी ठेवली जाते. पपायरसवरील (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावरील) प्रतींना 'पी' हे अक्षर, मोठ्या सुट्या अक्षरांतल्या चर्मपत्री प्रतींना शून्याने सुरू होणारे क्रमांक, नंतरच्या लहान जोडलिपीतल्या प्रतींना साधे आकडे आणि उपासनेत वाचायच्या उताऱ्यांच्या ग्रंथांना 'एल', अशी ही पद्धत आहे. यादीतला एक क्रमांक म्हणजे एक पूर्ण ग्रंथ असे समजू नका. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातला प्रसिद्ध पी ५२ हा योहानाच्या १८व्या अध्यायाचा जेमतेम ९ सेंटिमीटर उंच आणि ६ सेंटिमीटर रुंद तुकडा आहे. पी ६४ आणि पी ६७ असे दोन वेगळे क्रमांक मिळालेले तुकडे एकाच ग्रंथाचे निघाले. संपूर्ण नवा करार असलेल्या प्रती तर फारच थोड्या आहेत.

मात्र 'सर्वांत जुनी प्रत तीच खरी' हा नियमही तितकाच कच्चा. चौथ्या शतकातील व्हॅटिकनस ही अतिशय मोलाची प्रत. तिच्यात योहान १७:१५ मध्ये मूळ लेखनिकाची नजर घसरली आहे. 'तू त्यांना जगातून काढून घ्यावे अशी विनंती मी करत नाही, तर तू त्यांना दुष्टापासून राखावे' असे ते वाक्य. ग्रीकमध्ये 'त्यांना ...पासून' या अर्थाचे तेच तीन शब्द वाक्यात दोनदा येतात. लेखनिक पहिल्या जागेवरून उठला तो थेट दुसऱ्या जागेवर बसला, आणि उरले ते असे : 'तू त्यांना दुष्टापासून काढून घ्यावे अशी विनंती मी करत नाही.' प्रत उत्तम, वाक्य उलटे! म्हणून प्रत्येक जागी प्रत नव्याने तोलावी लागते.

प्रश्न : मी पाठचिकित्सेवर (प्रती ताडून मूळ पाठ ठरवण्याच्या अभ्यासावर) निबंध लिहीत आहे. एखादा पाठभेद प्रत्यक्षात कसा तपासतात, ते पायरीपायरीने सांगाल का? विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुकाही सांगा.

उत्तर : एकच जागा घेऊ. तीमथ्याला पहिले पत्र ३:१६. काही भाषांतरांत 'देव देहात प्रकट झाला' असे आहे, काहींत 'तो देहात प्रकट झाला'. या 'तो'च्या जागी ग्रीकमध्ये 'जो' असा शब्द आहे, आणि ग्रीक प्रतींत हा फरक दोन रेघांचा आहे.

त्या काळच्या मोठ्या अक्षरांच्या लिपीत 'जो' हा शब्द दोन अक्षरी : ओमिक्रॉन, म्हणजे नुसते वर्तुळ, आणि सिग्मा, जो तेव्हा चंद्रकोरीसारखा काढत. 'देव' हा शब्द लेखनिक पूर्ण लिहीत नसत. देव, प्रभू, येशू, ख्रिस्त अशा पवित्र मानलेल्या शब्दांची बहुधा पहिले आणि शेवटचे अक्षर तेवढे लिहून वर आडवी रेघ ओढण्याची पद्धत होती. त्यामुळे 'देव' म्हणजे थीटा आणि सिग्मा, आणि त्यांवर रेघ. थीटा म्हणजे पोटात आडवी रेघ असलेले वर्तुळ. पोटातली एक रेघ आणि डोक्यावरची एक रेघ, एवढ्यावर हा सारा वाद उभा आहे.

पहिले काम म्हणजे छापील टीप बाजूला ठेवून हस्तलिखिताची छायाचित्रे पाहणे. पाचव्या शतकातली अलेक्झांड्रिनस ही प्रत ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यात या जागी थीटा आहे असे पूर्वी अनेकांनी सांगितले होते. बारकाईने पाहणाऱ्यांना आढळले की वर्तुळाच्या पोटात भासणारी रेघ पानाच्या मागल्या बाजूच्या एका एप्सिलॉनची आहे; चर्मपत्र पातळ असल्याने ती पलीकडून झिरपून दिसते. डोक्यावरची रेघ तर नंतरच्या शाईची. यातून घ्यायचा धडा सोपा आहे : संशयास्पद रेघ दिसली की त्याच पानाच्या मागल्या बाजूचे छायाचित्र आडवे उलटवून शेजारी ठेवायचे आणि रेघेला रेघ जुळते का ते पाहायचे.

दुसरे काम हात ओळखण्याचे. मूळ लेखनिकाने काय लिहिले आणि दुरुस्ती करणाऱ्याने काय केले, हे वेगळे नोंदवा. छापील चिकित्सक आवृत्त्यांत प्रतीच्या संकेताक्षरावरचे तारांकन म्हणजे मूळ हात, आणि वरचा छोटा आकडा किंवा अक्षर म्हणजे दुरुस्तीचा हात. आपल्या जागी सिनायटिकस या जुन्या ग्रीक प्रतीच्या मूळ हाताने 'जो' लिहिले आहे. त्या शब्दाच्या वर 'देव' वाचता येईल अशी अक्षरे कितीतरी शतकांनंतर कोणीतरी घातली. अलेक्झांड्रिनस आणि पॅरिसमधली एफ्रेमी यांतही मूळ 'जो', दुरुस्तीत 'देव'. ग्रीक-लॅटिन जोडप्रत असलेल्या क्लारोमोंटानसमध्ये मूळ हाताने नपुंसकलिंगी 'जे' लिहिले होते, तेही पुढे 'देव' केले गेले. चार प्रती, आणि चारही ठिकाणी दुरुस्तीची दिशा एकच. आमच्या मते या जागेचा निकाल लावणारा सर्वांत बोलका पुरावा हाच.

तिसरे काम भाषांतरांची आणि आद्य ख्रिस्ती लेखकांच्या अवतरणांची साक्ष. प्राचीन भाषांतरे 'जो' किंवा 'जे' गृहीत धरतात. लॅटिनमध्ये 'जे' आहे. चौथ्या शतकाच्या शेवटच्या तृतीयांशाआधीचा एकही लेखक 'देव' या पाठाला साक्ष देत नाही. मोठ्या अक्षरांतली, मूळ हातानेच 'देव' लिहिलेली प्रत शोधायला आठव्या-नवव्या शतकापर्यंत खाली यावे लागते.

आता शेवटचा प्रश्न : कोणत्या पाठापासून बाकीचे पाठ निपजले असतील? आधीच्या वाक्यांशात 'रहस्य' हा नपुंसकलिंगी शब्द आहे आणि लगेच पुल्लिंगी 'जो' येतो. हे कानाला खटकते. एखाद्याने लिंग जुळवायला 'जे' केले, दुसऱ्या कोणी दोन रेघा वाचल्या किंवा ओढल्या आणि 'देव' झाले. दोन्ही प्रवास सहज पटतात. पण आधी स्पष्ट 'देव' असताना तो काढून व्याकरणाला अडखळणारा 'जो' कोणी का घालेल? अवघड पाठाला झुकते माप देतात ते या कारणाने. हा पाठ ठरला म्हणून ख्रिस्ताच्या देवत्वाचा प्रश्न इकडे किंवा तिकडे सुटत नाही. तो धर्मशास्त्राचा प्रांत आहे. निबंधात ही सरमिसळ करू नका.

आता चुका. सर्वांत जास्त आढळणारी म्हणजे छापील तळटीपेतली यादी पूर्ण समजणे. हातात बाळगायच्या आवृत्तीतली टीप निवडक असते. तिथे एखादी प्रत दिली नाही म्हणून ती विरोधात आहे असे ठरत नाही. दुसरी, दुरुस्ती झालेली एकच प्रत दोन्ही बाजूंना धरून बेरीज करणे. तिसरी, जुन्या धर्मलेखकांची अवतरणे कुठल्याही जुन्या छापील आवृत्तीतून उचलणे. त्या लेखकांचे ग्रंथही हस्तलिखितांतूनच आले आहेत, आणि नक्कल करणाऱ्यांनी अवतरणे आपल्या ओळखीच्या पाठाशी जुळवून घेतलेली आढळतात. चौथी, 'लहान पाठ तोच मूळ' हे सूत्र डोळे मिटून लावणे. वर सांगितलेल्या योहान १७:१५ मध्ये व्हॅटिकनसचा पाठ लहान आहे आणि उघडच चुकलेला आहे. लहान पाठ दिसला की आधी तपासा की गाळलेल्या भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी सारखे शब्द आहेत का. असतील तर बहुतेक वेळा नजर घसरलेली असते.

प्रश्न : मूळ भाषेतल्या प्रती असताना लॅटिन, सिरियाक (सीरियाकडची जुनी भाषा), कॉप्टिक (इजिप्तमधली जुनी भाषा) भाषांतरांकडे अभ्यासक का वळतात? भाषांतरातून मूळ शब्द कसा कळणार?

उत्तर : दुसऱ्या-तिसऱ्या शतकात एखाद्याने भाषांतर केले तेव्हा त्याच्यासमोर जी ग्रीक प्रत होती ती आज नाही, तिची छाया भाषांतरात उरली आहे. शिवाय भाषांतराचा प्रदेश ठाऊक असतो, म्हणून कोणता पाठ कुठे वापरात होता ते कळते. पण प्रत्येक भाषा काही गोष्टींची साक्ष देऊच शकत नाही. लॅटिनमध्ये उपपद (इंग्रजी 'द'सारखा शब्द) नाही. मूळ ग्रीकमध्ये ते होते की नव्हते, हे लॅटिनला विचारण्यात अर्थ नाही. कॉप्टिकमध्ये कर्मणी रूप नाही, 'त्याला मारले गेले' हे 'त्यांनी त्याला मारले' असे सांगावे लागते. तेव्हा अशा ठिकाणी कॉप्टिकवरून ग्रीक क्रियापद ठरवू नये. एखादे वाक्य आहे की गाळले आहे, 'पुत्र' की 'देव', होकार की नकार, अशा ठसठशीत भेदांत मात्र भाषांतर भक्कम साक्ष देते.

भाषांतरावरून उलट ग्रीक बनवण्यातला धोका इरास्मसच्या १५१६च्या ग्रीक नव्या करारात दिसतो. प्रकटीकरणासाठी त्याच्याकडे एकच हस्तलिखित होते आणि त्याचे शेवटचे पान गेलेले होते. त्याने शेवटची वचने लॅटिनवरून ग्रीकमध्ये उतरवली. लॅटिन प्रतींत 'झाड' या अर्थाच्या 'लिग्नो' ऐवजी 'पुस्तक' या अर्थाचा 'लिब्रो' शिरला होता. त्यामुळे २२:१९ मध्ये 'जीवनाच्या झाडा'चे 'जीवनाचे पुस्तक' झाले, आणि त्या छापील ग्रीकवरून केलेल्या भाषांतरांत ते शतकानुशतके राहिले.

याच्या अगदी उलट उदाहरणही आहे. पेत्राचे दुसरे पत्र ३:१० च्या शेवटी बहुतेक महत्त्वाच्या जुन्या ग्रीक प्रतींत पृथ्वी आणि तिच्यावरची कामे 'सापडतील' असे आहे, आणि संदर्भात ते विचित्र वाटते. नेस्टले-आलांट या ग्रीक नव्या कराराच्या चिकित्सक ग्रंथाच्या २०१२च्या २८व्या आवृत्तीने मुख्य मजकुरातच 'सापडणार नाहीत' असे छापले. हा नकार आजवर माहीत असलेल्या एकाही ग्रीक हस्तलिखितात नाही. आधार आहे तो कॉप्टिकच्या साहिदिक बोलीतल्या भाषांतराचा आणि सिरियाकच्या काही प्रतींचा. आम्हाला हे पाऊल घाईचे वाटते. वाक्य अडखळत असेल तर अर्थ लागावा म्हणून नकार घालण्याचा मोह भाषांतरकारालाही होणारच. असा पाठ टीपेत शोभला असता.

प्रश्न : मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांमुळे जुन्या कराराचा पाठ बदलला की पक्का झाला?

उत्तर : दोन्ही. आज वापरात असलेल्या प्रमुख अभ्यास-आवृत्त्या १००८ साली लिहिलेल्या लेनिनग्राड कोडेक्सवर (कोडेक्स म्हणजे पानांचा हस्तलिखित ग्रंथ; हा हिब्रूतला) उभ्या आहेत. त्याहून जुना, दहाव्या शतकातला आलेप्पो कोडेक्स १९४७च्या दंगलीनंतर अपुरा राहिला. मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या ११ गुहांतली हस्तलिखिते १९४७ ते १९५६ या काळात मिळाली आणि पुरावा एकदम हजार वर्षे मागे गेला. यशयाची मोठी गुंडाळी सुमारे ७.३ मीटर लांब, १७ चामड्यांची, ५४ स्तंभांची आहे. तिच्यात शब्दलेखनाचे भेद पुष्कळ आहेत, पण ग्रंथ ओळखीचा आहे.

चौथ्या गुहेतल्या शमुवेलाच्या ग्रंथाच्या प्रतीत मात्र चित्र वेगळे. परंपरागत हिब्रू पाठात गल्याथाची उंची सहा हात आणि एक वीत. या प्रतीत आणि प्राचीन ग्रीक भाषांतरात चार हात आणि एक वीत. म्हणजे जवळजवळ तीन मीटरचा राक्षस एकदम दोन मीटरचा धिप्पाड माणूस होतो. यिर्मयाचे ग्रीक भाषांतर हिब्रूपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि परराष्ट्रांविषयीची भाकिते त्यात शेवटी नसून मध्ये येतात. पूर्वी वाटे, भाषांतरकाराने काटछाट केली. कुमरानच्या चौथ्या गुहेत तशाच लहान पाठाच्या हिब्रू प्रतीचे तुकडे मिळाले, आणि त्याच गुहेत मोठ्या पाठाचेही. दोन्ही पाठ एकाच काळात सुखाने नांदत होते!

स्तोत्र १४५ ची गोष्ट अधिक अवघड. त्याची वचने हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने सुरू होतात, पण परंपरागत पाठात 'नून' या अक्षराचे वचन नाही. ते अकराव्या गुहेतल्या गुंडाळीत आहे, ग्रीक आणि सिरियाकमध्येही आहे. हरवलेले सापडले, असे पटकन म्हणावेसे वाटते. पण ते वचन १७व्या वचनाशी इतके मिळतेजुळते आहे की रिकामी जागा पाहून कोणी तरी ते रचले असणेही शक्य आहे. येथे ठाम विधान टाळावे.

एक व्यावहारिक सूचना. नव्या कराराच्या आवृत्तीत संपादकांनी प्रत्येक जागी पाठ निवडलेला असतो. हिब्रूच्या रूढ आवृत्तीत एकच कोडेक्स, उघड चुकांसह, जसाच्या तसा छापतात. त्यामुळे हिब्रूत तळटीप वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न : हस्तलिखिताचे वय कसे ठरवतात? आणि बनावट तुकडे कसे ओळखतात?

उत्तर : जुन्या ग्रीक हस्तलिखितांवर तारीख क्वचितच असते. अक्षरांचे वळण तारीख माहीत असलेल्या कागदपत्रांशी ताडून काळ सांगतात. हा अंदाज पन्नास ते शंभर वर्षांच्या पट्ट्यात धरावा. पी ५२ साठी 'इसवी सन १२५' असे एकच वर्ष लिहिलेले दिसते, ते फार नेमके आहे. 'दुसरे शतक' म्हणणेही जपून. रेडिओकार्बन चाचणी जनावर कधी मेले ते सांगते, लेखन कधी झाले ते नाही. शिवाय १९५०च्या दशकात अक्षरे उठून दिसावीत म्हणून काही गुंडाळ्यांवर एरंडेल तेल लावले गेले होते. ते नीट काढले नाही तर निकाल बिघडतो.

दोन्ही पद्धती एकमेकींशी भांडतातही. मृत समुद्राकाठच्या एन-गेदीची जळून कोळसा झालेली गुंडाळी १९७० साली उत्खननात मिळाली. ती उघडणे अशक्य होते. केंटकी विद्यापीठातल्या ब्रेंट सील्स यांच्या गटाने सूक्ष्म सीटी स्कॅनवरून आधी चामड्याचे थर वेगळे केले, प्रत्येक थरावर शाईची घनता चढवली, थर सपाट केला आणि मग तुकडे जोडले. शाई चामड्याहून घन असल्याने अक्षरे उजळ दिसली. लेवीय ग्रंथाची सुरुवात निघाली, आणि व्यंजने परंपरागत पाठाशी तंतोतंत जुळली. रेडिओकार्बन तिसरे-चौथे शतक सांगते, लिपी पहिल्याच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी नेते.

बनावटगिरी करणारे कोरे, खरोखर जुने चामडे वापरतात, म्हणून वयाची चाचणी त्यांना पकडत नाही. शाईचे वागणे पकडते. वॉशिंग्टनच्या म्युझियम ऑफ द बायबलमधले मृत समुद्राचे म्हणून घेतलेले सर्व १६ तुकडे २०२० साली बनावट ठरले. सूक्ष्मदर्शकाखाली शाई चामड्याच्या जुन्या भेगांत उतरलेली आणि फाटलेल्या कडेवरून ओघळलेली दिसली. दोन हजार वर्षांपूर्वी लिहिले असते तर चामडे तेव्हा अखंड होते आणि भेग अक्षराला चिरत गेली असती. तुकडा कुठे, कोणाला, कधी सापडला याची सलग नोंद नसेल तर त्यावर लेख लिहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : ग्रीक अक्षरओळख झाली आहे. घरबसल्या सरावासाठी काय घ्यावे?

उत्तर : सिनायटिकसपासून सुरुवात करा. त्याची पाने लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाईचा सेंट कॅथरिन मठ येथे विखुरली आहेत, पण संकेतस्थळावर ती एकत्र आहेत आणि छायाचित्राशेजारी प्रतिलेखनही आहे. पानावर चार स्तंभ, स्तंभाला ४८ ओळी, ओळीला सुमारे १२ ते १४ अक्षरे. योहानाचा एक स्तंभ घ्या, प्रतिलेखन झाकून उतरवा आणि मग ताडून पहा. शब्दांत मोकळी जागा नसते, म्हणून आधी फक्त अक्षरे उतरवा. शब्द तोडण्याची घाई केली की मन ओळखीचा शब्द घालून मोकळे होते. संक्षेप सोडवून लिहू नका, वरच्या रेघेसह आहेत तसे ठेवा. पुढे म्युन्स्टरच्या संस्थेचा ऑनलाइन हस्तलिखित कक्ष आणि हिब्रूसाठी लिऑन लेव्ही मृत समुद्र संग्रह वापरता येईल. आणि हस्तलिखितात ओळ जिथे संपते तिथेच तुमचीही ओळ संपवा, शब्द मध्येच तुटला तरी. लेखनिकाची नजर कुठून कुठे घसरली असावी, हे ओळींच्या टोकांवरूनच कळते.